प्रिमचा मृत्यू आणि माझं घाईचं परीक्षण

सुझन कॉलिन्सच्या 'मॉकिंगजे'वरचं माझं परीक्षण एका मासिकात छापून आलं, तेव्हा चारचौघांनी कौतुक केलं होतं. त्यात मी ठणकावून लिहिलं होतं की ही कादंबरी शेवटाकडे कोसळते, नायिका कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम काही कारण नसताना अकस्मात मारली जाते, वाचकाला रडवायचं म्हणून लेखिकेने पोरीचा बळी दिला. वाक्यं सफाईदार होती. मुद्दा साफ चुकलेला होता.

'द हंगर गेम्स' 2008 मध्ये आलं, 'कॅचिंग फायर' 2009 मध्ये आणि 'मॉकिंगजे' ऑगस्ट 2010 मध्ये. पहिल्या दोन्ही पुस्तकांत रिंगण आहे. उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर उभ्या राहिलेल्या पॅनेम देशात चोवीस जणांना एकमेकांना मारायला सोडतात आणि सारा देश ते टीव्हीवर बघतो. तिसऱ्या पुस्तकात रिंगणच नाही. तिथे जमिनीखाली दडलेला तेरावा जिल्हा आहे, मोजून मिळणारं जेवण आहे, रोज सकाळी हातावर छापलं जाणारं वेळापत्रक आहे, सत्ताधारी राजधानी कॅपिटॉलविरुद्धच्या बंडाच्या प्रचारफिती काढणारं पथक आहे. मला कंटाळा आला. खेळ कधी सुरू होतो याची वाट बघत मी पानं उलटत राहिलो. कॅपिटॉलचे प्रेक्षक याहून वेगळं काय करतात, हा विचार तेव्हा मनाला शिवलासुद्धा नाही.

पुढे एका महाविद्यालयाच्या वाचनगटात मी तेच परीक्षण तोंडी सादर केलं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, गेल आणि बीटीच्या सापळ्यांचा भाग वाचलात ना?" मी लगेच 'हो' म्हणालो. थाप होती. नजर फिरवली होती, एवढंच.

घरी येऊन ती पानं काढली. गेल हा कॅटनिसचा शिकारीतला जोडीदार, बीटी तंत्रज्ञ. रानातल्या फासांचं तत्त्व माणसांना लावून दोघं शस्त्रं आखत असतात. त्यातली एक कल्पना अशी: पहिला स्फोट करायचा, जखमींना उचलायला माणसं धावून येईपर्यंत थांबायचं, मग दुसरा, अधिक मोठा स्फोट. सावज पकडायचं ते त्याच्या दयेवरच. कॅटनिसला ते खटकतं. गेलचं उत्तर असं की शत्रू तरी कुठले नियम पाळतो? प्रसंग छोटा आहे, पण लेखिकेने तो लपवलेला नाही, दिवसाउजेडी मांडलाय.

मग शेवटी कॅपिटॉलमध्ये, राष्ट्राध्यक्ष स्नोच्या वाड्यासमोर कोंडलेल्या मुलांवर छोटी चंदेरी पॅराशूट पडतात. रिंगणात अशाच पॅराशूटमधून मदत यायची, म्हणून मुलं हात पुढे करतात. काही फुटतात. बंडखोरांचे वैद्यकीय सेवक धावतात, त्यांत चौदाही पूर्ण न झालेली प्रिम असते. मग उरलेली फुटतात. ज्याला मी 'अकस्मात' म्हटलं, त्याची आकृती पुस्तकाच्या मध्यावरच काढून ठेवलेली होती. विमानावर कॅपिटॉलची खूण असते. पण कैदेतला स्नो कॅटनिसला सांगतो की हे काम बंडाच्या नेत्या कॉइनचं. तो सैतान असला तरी त्याचा युक्तिवाद कापता येत नाही: त्याच्याकडे विमान असतं तर तो पळून गेला नसता का?

हे मला तेव्हा का दिसलं नाही, याचं उत्तर फारसं सुखद नाही. बंडखोर म्हणजे आपली माणसं, हे मी आधीच ठरवून बसलो होतो. दुसऱ्या जिल्ह्यातला डोंगरी किल्ला बंडखोर जमीनदोस्त करतात, तो प्रसंगही मी 'थरारक' या एका विशेषणात उरकला होता. आत अडकलेल्यांना बाहेर पडायला वाट ठेवावी की नाही, यावर तिथे वाद होतो आणि गेल म्हणतो, ठेवू नये. गेलचे आणि कॅटनिसचे वडील एकाच खाणस्फोटात गेलेले. डोंगराखाली गाडलं जाणं म्हणजे काय, हे त्या खोलीत या दोघांइतकं कोणाला ठाऊक? आणि मी मात्र अर्धा रकाना कॅटनिस रिंगणातला जोडीदार पीटाशी लग्न करणार की गेलशी, यावर खर्च केला.

एक चूक तर निव्वळ आळसाची. चवताळलेल्या जमावाने स्नोला संपवलं, असं मी पुस्तकाचा हवाला देऊन लिहिलं. तसं 2015 च्या चित्रपटात आहे. पुस्तकात तो हसता हसता गुदमरला की गर्दीत चिरडला, यावर पॅनेममध्येच एकमत नाही. चित्रपट ताजा होता, पुस्तक जुनं झालं होतं, पुन्हा उघडायचे कष्ट मी घेतले नाहीत.

सगळंच मागे घेत नाही. कॅटनिसच्या पथकातल्या फिनिकसारख्या माणसाला गटारातल्या काही ओळींत संपवणं मला अजूनही पटत नाही. नुकतं लग्न झालेलं त्याचं. कॅपिटॉलच्या रस्त्यांवरचे सापळे लांबतात. आणि कॉइनच्या हत्येबद्दलचा कॅटनिसचा खटला तिच्या गैरहजेरीत उरकणं ही मला आजही पळवाटच वाटते, कथा तिच्याच तोंडून असली तरी.

सर्वांत मोठा घोळ मतदानाचा. विजयानंतर कॉइन सुचवते की कॅपिटॉलच्या मुलांचा शेवटचा एक खेळ भरवू. आधीच्या खेळांचे उरलेले सात विजेते मत देतात. पीटा, फिनिकची बायको ॲनी, बीटी विरोधात. कॅटनिस होकार देते, प्रिमसाठी म्हणून. मी लिहिलं होतं, 'नायिकेचं नैतिक पतन.' त्यानंतर स्नोला मारायला दिलेला बाण ती कॉइनवर सोडते, तो मला झटका वाटला होता. आता वाटतं, होकार ही हूल होती: कॉइनला संशय येऊ नये आणि धनुष्य हातात यावं म्हणून.

हे मी त्या मुलीला सांगितलं, आधीच्या थापेसकट. थापेवर ती हसली. मतदानाबद्दल मात्र तिला माझं नवं वाचनही मान्य नव्हतं. "ती खरंच हो म्हणाली, सर. बहीण गेली होती तिची. बाण सोडताना मत बदललं." मी पुरावा म्हणून कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिचचं नाव घेतलं, तो तिला ओळखून तिच्या बाजूने मत देतो म्हणून. ती म्हणाली, "त्याने ओळखलं की नुसता विश्वास ठेवला?" तो प्रसंग पुन्हा उघडून बघितला. दोन्ही वाचनं तिथे बसतात.