नावाआधीचा शब्द

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात प्राचार्यांचे मनोगत आणि संपादकीय यांच्या आगेमागे एक काळ्या चौकटीचे पान असते. वर्षभरात निवर्तलेले देशाचे नेते, लेखक, कलावंत यांची नावे त्यावर प्रथम येतात. मग संस्थेचे पदाधिकारी, मग आजी-माजी अध्यापक, आणि अखेरीस 'ज्ञात-अज्ञात' या एका समासात उरलेले सगळे. माजी विद्यार्थी आणि शिपाई बहुधा त्या समासातच राहतात. हे पान कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही, आणि ते तसे लिहिलेलेही नसते. तरीही स्मरणव्यवहारातील बहुतेक अवघड प्रश्न याच पानावर येऊन अडतात. भिवंडीसारख्या शहरात तर ते पहिल्या अक्षरापाशीच अडतात : मृताच्या नावाआधी काय लिहावे?

मराठीने या जागेसाठी पुष्कळ शब्द घडवले आहेत. 'कैलासवासी' हा मुळात शैव कल्पनेतला शब्द, 'कै.' या संक्षेपात त्याचा कैलास केव्हाच हरवला आणि तो निव्वळ मृत्यूचा शिक्का झाला. वारकरी परंपरेतील माणूस 'वैकुंठवासी' होतो. ख्रिस्ती माणसासाठी 'ख्रिस्तवासी', आणि त्याच साच्यात मुसलमानासाठी 'पैगंबरवासी'. हा शेवटचा शब्द मोठा उद्बोधक आहे. तो शेजाऱ्याने सद्भावनेने, पण स्वतःच्या व्याकरणात घडवला. आपल्याकडे मेलेला माणूस कोठेतरी वास करतो, तेव्हा त्यांच्याकडेही करत असणार, एवढाच त्यामागचा तर्क. ज्याच्यासाठी तो वापरला जातो त्याच्या घरात मात्र शब्द असतो 'मरहूम', म्हणजे ज्याच्यावर दया झाली आहे असा. त्यात वास नाही, स्थळ नाही. ईश्वराची कृपा तेवढी आहे. 1956 च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजाने 'कै.' नाकारला आणि 'कालकथित' हा शब्द रूढ केला; पालीतील 'कालंकत'शी त्याचे नाते जोडले जाते. त्या नकाराची धार आजही बोथट झालेली नाही. काळ्या चौकटीच्या पानावर एखाद्या बौद्ध अध्यापकाच्या नावामागे सवयीने 'कै.' छापले गेले, तर त्याने आयुष्यात घेतलेला सर्वांत मोठा निर्णय मुद्रितशोधनाच्या एका हलगर्जीपणात पुसला जातो.

भिवंडीत हे सगळे शब्द एका रांगेत उभे राहतात. कामवारीकाठच्या या शहरात उत्तरेतून आलेले मोमीन विणकर आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, कोकणी मुसलमान आहेत, आसपासच्या गावांतले आगरी आणि कुणबी आहेत. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या घरांतली मुले-मुली बी. एन. एन. महाविद्यालयात किंवा जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयात पदवीपर्यंत जातात, तेव्हा ती आपापल्या घरची मृत्यूची भाषाही बरोबर आणतात. ज्या वार्षिकांकात उर्दू विभाग असतो तो मागच्या मुखपृष्ठापासून सुरू होतो. एकच अंक दोन टोकांनी उघडतो आणि दोन लिपी मध्येच कोठेतरी पाठीला पाठ लावून थांबतात. अशा अंकात श्रद्धांजलीचे पान कोणत्या टोकाला घालायचे, हा काही केवळ मांडणीचा प्रश्न नव्हे.

तो तसा नाही याचे कारण या शहराच्या इतिहासात आहे. मे 1970 आणि मे 1984 या दोन दंगलींनी भिवंडीला मृतांच्या याद्या वाचायला शिकवले. 1970 च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती द. प. मादन यांच्या आयोगाने केली. तो अहवाल निर्भीड आहे, आणि त्यात मृतांची गणना धर्मवार आहे. चौकशीला ती तशी करावीच लागते. परंतु त्याचा परिणाम असा की मृताचे नाव ऐकताच तो कोणत्या रकान्यातला, हे आधी मनात येते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्याचे श्रेय 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांना दिले जाते. शांतता टिकली, रकाने मात्र मनात राहिले. नावाआधीचा शब्द हा त्या रकान्याचा मथळा होतो.

मग शब्दच गाळावा काय? मराठी प्रबोधनाच्या इतिहासात या प्रश्नाला दोन चांगली उदाहरणे आहेत. गोपाळ गणेश आगरकर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असताना 17 जून 1895 रोजी वारले. परलोकाविषयी आयुष्यभर संशय बाळगणाऱ्या या अज्ञेयवाद्याला पुढच्या पिढ्यांनी निःशंकपणे 'कै. आगरकर' केले. दुसऱ्याच दिवशीच्या 'केसरी'त टिळकांनी त्यांच्यावर लिहिले. मृत्यूपुढे मतभेद लहान होतात आणि जुन्या आठवणींनी लेखणी गोंधळते, असा भाव त्या लेखात आहे, आणि त्या गोंधळामुळेच तो लेख टिकला. दुरावलेला सहकारी लिहीत असल्यामुळे त्याला तयार शब्द पुरले नाहीत. दुसरे उदाहरण हमीद दलवाईंचे. 3 मे 1977 रोजी ते गेले, आणि त्यांच्या इच्छेनुसार धर्मविधीविना त्यांचे दहन झाले. त्यांना 'मरहूम' म्हणावे की 'पैगंबरवासी'? 'कै.' तर हास्यास्पदच. मराठीच्या भांडारात दलवाईंसाठी शब्द नाही. म्हणून ते 'हमीद दलवाई' एवढेच राहिले, आणि त्यांच्या बाबतीत तेच यथार्थ आहे.

त्या न्यायाने महाविद्यालयाची यादी बिनउपाधीची असावी, आणि तिचा क्रम धर्माचा किंवा पदाचा नव्हे तर जनरल रजिस्टरमधील प्रवेशवर्षाचा असावा, असे म्हणता येईल. प्रवेशवर्ष हा महाविद्यालयाने स्वतः दिलेला एकमेव क्रम होय. बाकीचे सगळे माणूस घरून घेऊन येतो. ही सूचना आकर्षक आहे, आणि बऱ्याच अंशी ग्राह्यही. पण घरच्यांनी दिलेला 'मरहूम' किंवा लढून मिळवलेला 'कालकथित' संपादकाने समतेच्या नावाखाली छाटावा, हेही एक प्रकारचे सोवळेच. निरुपाधिक नाव तटस्थ असते हा समज आडनाव वाचेपर्यंतच टिकतो.

शिवाय रजिस्टर सगळ्यांना सारखे ओळखत नाही. विद्यार्थिनी तेथे माहेरच्या नावाने नोंदलेली असते. वीस वर्षांनी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत येते ते सासरचे नाव, कधीकधी पहिले नावही बदललेले. ती 'कै. सौ.' झाली की नवरा हयात असल्याचेही वाचकाला कळते. ती अर्थशास्त्राची पदवीधर होती हे कळत नाही. ही दोन नावे एकाच बाईची, हे सांगू शकणारी वर्गमैत्रीण गाठल्याखेरीज महाविद्यालयाला आपली माजी विद्यार्थिनी गेल्याचे समजणेच शक्य नाही. 'अज्ञात' या शब्दात अशा स्त्रिया किती असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आणि शिपाई. त्यांचे पूर्ण नाव कार्यालयातील सेवापुस्तकात असते. जन्मतारीख, उंची, ओळखीची खूण, बोटांचे ठसेही असतात. एवढी तपशीलवार नोंद अध्यापकाची कोणी वाचत नाही आणि शिपायाची कोणाला ठाऊक नसते. श्रद्धांजलीच्या पानावर ते पूर्ण नाव छापले तर तीन पिढ्यांचे विद्यार्थी ते ओलांडून पुढे जातील. तासाची घंटा देणारा, परीक्षेच्या दिवशी उशिरा आलेल्याला दारातून आत सरकवणारा माणूस त्यांच्यासाठी 'मामा' असतो. उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी तोच 'चाचा'. त्याच्या नावाआधी काहीच लिहायचे नाही. नावानंतर कंसात ही दोन्ही नाती छापायची, म्हणजे पान उलटणारा हात थांबेल.