अल्फा, ब्राव्हो, निमगाव केतकी

करिअर ब्रेक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर गोकर्णचा किनारा, एक झुलता हॅमॉक आणि स्विच ऑफ केलेला ऑफिसचा मोबाइल, असं टिपिकल चित्र होतं. 2022च्या उन्हाळ्यात मी एका न्यूज चॅनलच्या डेस्कवरची नोकरी सोडली. नाइट शिफ्ट, ब्रेकिंग न्यूज, कँटीनचा थंड वडापाव, सगळ्याला एकदम टाटा! मास कम्युनिकेशनची डिग्री, तीन वर्षांचा अनुभव आणि बँकेत जेमतेम चार महिने पुरतील एवढे पैसे. फ्रीलान्सिंग करू, पण आधी ब्रेक, हा आपला फंडा.

गोकर्णचं तिकीट काढायच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी आतेबहीण. एमपीएससी देऊन पीएसआय झालेली, आवाज असा की समोरचा माणूस न सांगता गाडीचे कागद काढतो. त्या दिवशी मात्र आवाज अगदी हळू. ‘ऐक ना, तुझं इंग्रजी चांगलंय. महिनाभर निमगावला येशील का? मला शिकवशील? घरात कुणाला बोलू नकोस अजून.’

निमगाव केतकी म्हणजे माझ्या आत्याचं गाव. बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं. विड्याच्या पानांसाठी प्रसिद्ध. आत्याकडे पानमळा आहे. शेवरीवर चढवलेले वेल, आत शिरलं की भर मे महिन्यातही गारवा. म्हणजे हॅमॉक नाही, पण सावली तरी होती. गेले.

ताईला संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेवर पोलिस म्हणून जायचं होतं. मला वाटलं होतं, असलं काम फक्त मिलिटरीवाले करतात. तसं नाहीये. आपले पोलिस कधीपासून जातायत. कोसोव्होत 1999 मध्ये युनोचं मिशन सुरू झालं तेव्हा आपल्याकडचे पोलिस अधिकारी तिथं होते. किरण बेदी 2003 मध्ये न्यूयॉर्कला युनोच्या पोलिस सल्लागार झाल्या. लायबेरियात 2007 पासून 2016 पर्यंत आपल्या सीआरपीएफच्या मुलींची अख्खी तुकडी होती, संपूर्ण महिलांची अशी ती जगातली पहिली. आणि 2014 मध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांतल्या इन्स्पेक्टर शक्तीदेवींना अफगाणिस्तानातल्या कामासाठी आंतरराष्ट्रीय महिला शांतिरक्षक पोलिस पुरस्कार मिळाला. हे सगळं ताईला तोंडपाठ. मी चॅनलमध्ये तीन वर्षं काढली, मला यातलं एकही माहीत नव्हतं. (पण एका हिरॉइनच्या लग्नाचा मेन्यू मला आजही पाठ आहे.)

प्रोसीजर अशी असते. केंद्रीय गृह मंत्रालय राज्यांकडून नावं मागवतं. किमान पाच वर्षांची नोकरी हवी, ड्रायव्हिंग लायसन्स हवं. मग परीक्षा. इंग्रजीचं वाचन, ऐकणं, रिपोर्ट लिहिणं, इंटरव्ह्यू. शिवाय ड्रायव्हिंग. जिथं शस्त्र घेऊन जायचं असतं, तिथल्यांसाठी फायरिंगही. यात सगळ्यात अवघड काय असेल? फायरिंग नाही हो. ऐकणं! रेडिओवर कुणीतरी अनोळखी उच्चारात बोलतं, मागे खरखर असते, आणि आपण ते ऐकून कुठं, किती वाजता, किती माणसं, कुठली गाडी असा चोख रिपोर्ट लिहायचा. ताई मराठीत पंचनामा झोपेत लिहील. इंग्रजीत मात्र पहिल्या दिवशी तिने ‘द सेड इसम’ असं लिहिलं.

मग आम्ही रोज पहाटे पानमळ्यात बसायला लागलो. ती अंगठ्याला लोखंडी नखी लावून पानं खुडायची आणि मी मोबाइलवर केनिया, नेपाळ, घाना असल्या ठिकाणच्या लोकांची भाषणं लावायचे. तोंडात रेडिओचा अल्फाबेट. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. तिची पाच वर्षांची लेक सगळ्यांत आधी शिकली. आठवड्याभरात मामाही बांधावरून ओरडायला लागले, ‘चार्ली, मोटार बंद कर, लाइट गेली!’

ड्रायव्हिंगचा वेगळाच किस्सा. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून. निमगावात डाव्या स्टिअरिंगची गाडी आणायची कुठून? ताई म्हणाली, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग मधोमध असतं, सवय मोडायला तो बरा. ट्रॉली लावून तिने ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये असा काही घातला की गोठ्यासमोर बघ्यांची गर्दी. तुम्ही कधी ट्रॉली रिव्हर्स घेऊन बघा. मॉलच्या बेसमेंटमधलं पार्किंग त्यापुढे काहीच नाही, बॉस!

गुपित अर्थातच टिकलं नाही. आत्याला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘इथं चोर कमी पडले व्हय, म्हणून परक्या मुलखातले धरायला चाललीस?’ दाजी काही बोलले नाहीत. ते तसेही कमीच बोलतात. पण त्या रात्री ते मळ्यातच झोपायला गेले.

मी आपली शहरी शहाणी. आत्याला समजवायला गेले की अगं आजकाल सगळेच करिअर ब्रेक घेतात, परदेशात एक वर्ष काढतात, फ्रेश होऊन येतात. ताई आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, ‘ब्रेक कसला गं? ड्युटीच आहे ती. फक्त टोपी निळी.’ आणि ते खरंच तसं असतं. वर्दी आपल्याच देशाची, आपल्याच पोलिसाची. वर निळी बेरे कॅप आणि दंडावर युनोचा बिल्ला. मी मात्र हिरमुसले. कारण ब्रेकवर तर मी होते, आणि पहाटे पाचला उठून पानमळ्यात ग्रामर शिकवत होते!

पैशाचं काय, असं तुम्ही विचारणारच. मिळतो. राहण्या-खाण्यासाठी युनोकडून वेगळा भत्ता असतो आणि आपल्या हिशेबात तो चांगला असतो. घरावर बोअरचं आणि ठिबकचं कर्ज होतं. ताईने ते लपवलं नाही. ‘पैशासाठी पण जातेय आणि जायचंय म्हणून पण जातेय. दोन्ही खरं असलं तर काय बिघडलं?’ असं ती दाजींना म्हणाली, तेव्हा मी शेजारीच कोथिंबीर निवडत होते. दाजींनी एवढंच विचारलं, ‘पोरीची शाळा?’ लेक आत्याकडे निमगावला राहील, इथल्याच शाळेत जाईल, असं ठरलं. ठरलं म्हणजे आत्या शेवटपर्यंत नाही म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन शाळेची चौकशी करून आली.

ताई पास झाली. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, मलेरियाच्या गोळ्या बांधल्या, आणि जानेवारी 2023 मध्ये दक्षिण सुदानला गेली. आधी जुबा, मग मलाकाल. बॅगेत शेंगदाण्याची चटणी तीन किलो. मलाकालला आपल्या सैन्याची तुकडी आहे, त्यामुळे डाळ-चपाती अधूनमधून मिळायची, पण चटणी ती चटणी.

तिथं ती नेमकं काय करायची? मी सिनेमातल्यासारखं काहीतरी इमॅजिन केलं होतं. धाडी, पाठलाग वगैरे. कोसोव्होत युनोचे पोलिस स्वतःच कायदा राबवत होते, अटकही करायचे. दक्षिण सुदानात तसा अधिकार नाही. मलाकालला घरदार सोडून आलेल्या लोकांची मोठी छावणी आहे. तिथं गस्त घालायची, छावणीतल्याच लोकांच्या राखणदार गटांना शिकवायचं, सरपणासाठी रानात जाणाऱ्या बायकांवर हल्ले होतात म्हणून त्या वाटांवर फिरायचं, आणि मुख्य म्हणजे ऐकायचं. सोबत दुभाषा. युनोला अशा मोहिमांवर पोलिस बायका जास्त हव्या असतात, 2028 पर्यंत एकेकट्याने जाणाऱ्या पोलिसांत 30 टक्के बायका असाव्यात असं त्यांनी ठरवलंय, ते उगाच नाही. पुरुष अधिकाऱ्यासमोर ज्या गोष्टी तोंडातून निघत नाहीत, त्या बाई समोर असली तर निदान निघायची शक्यता असते.

फोनवर तिचा पहिला मोठा किस्सा होता पाण्याच्या रांगेतल्या भांडणाचा. पिवळ्या जेरिकॅनची रांग, कुणीतरी मध्ये घुसलं, मारामारी. बाकीचे अधिकारी नकाशा काढून बसले. ताईने रांगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शोधलं आणि तिला रांगेच्या तोंडाशी बसवलं. ‘इंदापूर तालुक्यात टँकरच्या रांगा बघितल्यात मी. पोलिस नाही, म्हातारी लागते तिथं!’ आमच्या वेळेत आणि तिच्या वेळेत साडेतीन तासांचा फरक. ती जेवायला बसायची तेव्हा निमगावात निजानीज. तरी लेक जागी राहायची. पहिले दोन महिने. नंतर झोपायला लागली.

15 एप्रिल 2023 ला खार्टूममध्ये युद्ध पेटलं. टीव्हीवर एकच शब्द, सुदान, सुदान. मग ऑपरेशन कावेरी, विमानातून उतरणारे आपले लोक, रडणारे नातेवाईक. आता, सुदान वेगळा आणि दक्षिण सुदान वेगळा, 2011 मध्येच दोन देश झाले. पण आत्याला हे कोण सांगणार? ती रोज टीव्हीसमोर बसून विमानातून उतरणारा एकेक चेहरा बघायची. ‘आपल्या पोरीला का आणंना झालेत? सरकारला यादी दिली न्हाई का कुणी?’ मी पुण्याहून धावत निमगावला गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढला. हा सुदान, ही बॉर्डर, इथं आपली ताई. आत्याने नकाशा नीट बघितला. मग बोट ठेवून विचारलं, ‘ही रेघ किती लांब हाय तिच्यापासून?’

तो प्रश्न बरोबरच होता. कारण युद्धातून पळालेले लोक ती रेघ ओलांडून खाली येत होते, रेंकमार्गे, हजारोंनी, मग लाखांनी. त्यातले कितीतरी पुढे बोटीने नाइलवरून मलाकालला. छावणी भरत गेली आणि जूनमध्ये तिथं दोन समाजांत मारामारी पेटली. माणसं मेली. दोन दिवस ताईचा फोन नाही. तिसऱ्या रात्री मला तिची एक व्हॉइस नोट आली, अकरा मिनिटांची. फक्त मला. खाली लिहिलेलं, ‘आईला ऐकवू नकोस.’

आता जे सांगतेय ते मला फारसं भूषणावह नाही. फ्रीलान्सिंग म्हणजे काय ते एव्हाना कळलं होतं. तीन ठिकाणचे पैसे थकलेले, घरभाडं डोक्यावर. ती व्हॉइस नोट मी दोनदा ऐकली, रडले, आणि मग लॅपटॉप उघडून शब्दन् शब्द टाइप केली. पहाटे एका संपादकांना मेल टाकला. पाच मिनिटांत उत्तर! हेडिंगही त्यांनीच सुचवलं, त्यात ‘रणरागिणी’ होतं. आणि मानधन असं, की मागचं सगळं भाडं फिटलं असतं.

ताईला मेसेज केला, अगदी उत्साहात. तिने फोन केला. ओरडली नाही. ‘ती बाई मला बोलली. तुला नाही, तुझ्या वाचकांना नाही. मी तुला का सांगितलं? कारण मला झोप येत नव्हती. डिलीट कर.’ मी म्हटलं, नाव बदलते ना. ती म्हणाली, ‘मी पीडितेचं नाव बदलून चहाच्या टपरीवर किस्सा सांगितला, तर चालेल तुला?’

डिलीट केली. संपादकांना नाही कळवलं. ते जाम चिडले, पुन्हा काम दिलं नाही. भाडं बाबांकडून घेतलं, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. हा लेखसुद्धा ताईने आधी वाचलाय आणि दोन परिच्छेद लाल पेनाने उडवलेत. त्या अकरा मिनिटांत काय होतं ते इथं नाही.

जानेवारी 2024 ला ती परत आली. पुण्याच्या एअरपोर्टवरून थेट निमगाव. लेक आता साडेसहा वर्षांची, दारात आत्याच्या पदरामागे. ताई खाली बसली, हात पसरले. पोरगी हळूच म्हणाली, ‘मॅडम, चप्पल बाहेर काढा.’ आम्ही सगळे हसलो. ताईही हसली. मग चप्पल बाहेर ठेवायला म्हणून गेली ती बराच वेळ आत आलीच नाही. मी बघितलं, ती पानमळ्याकडे तोंड करून उभी होती. त्या दिवसांत वेल उतरवायचं काम चाललं होतं. उंच गेलेला वेल खाली घेऊन, वळवून मातीत पुरतात, तो पुन्हा फुटतो. मळा अगदी उघडाबोडका दिसत होता. दाजी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. काय बोलले माहीत नाही. बोलले असतील असंही वाटत नाही.

जुलैमध्ये तुकोबांची पालखी आली. बेलवाडीचं रिंगण झालं की पालखी निमगावला मुक्कामाला असते, आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. ताईची ड्युटी बंदोबस्ताला, नेमकी निमगावच्याच रस्त्यावर. माहेरच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, पण घरी यायला फुरसत नाही. आत्याने भाकरी, पिठलं आणि ठेचा बांधून डबा माझ्याकडे दिला. गर्दीतून वाट काढत मी पोचले तर मामा आधीच तिथं, खांद्यावर नात. नात दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडत होती, ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली! मम्मी, ओव्हर!’

ताईच्या तोंडात शिट्टी. एका हाताने दिंडीला वाट करून देत होती, दुसऱ्याने एका टेम्पोला मागे ढकलत होती. तिने वळून बघितलं नाही. टेम्पो मागे गेला, दिंडी पुढे सरकली, मग तिने शिट्टी काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘रॉजर. मामांना म्हणावं रस्त्यातून बाजूला व्हा, ओव्हर.’

‘मामा नाही, आजोबा!’ पोरगी ओरडली.

डबा तिने उभ्यानेच खाल्ला.