दिवा गेला तरी ठिपका राहतो

इशाची नमाज पढून अब्बा रोज एकटेच घरी यायचे. वाट पाच मिनिटांची. पण गेल्या वर्षी ते वाटेत थांबू लागले. समोरून मोटारसायकलचा दिवा डोळ्यांवर आला की भिंतीला हात लावून उभे राहायचे. म्हणायचे, "बेटा, दिवा निघून जातो, पण डोळ्यांपुढचा काळा ठिपका जात नाही." आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक, दुसऱ्याला समजावण्याची सवय. म्हणालो, "अब्बा, मोतीबिंदू असेल. सुट्टीत दाखवू." पुढे त्यांनी रात्री बाहेर पडणेच सोडले, तर तो आम्हाला आळस वाटला.

अखेर सुट्टीत त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी आधी चष्मा लावून एकेका डोळ्याने तक्ता वाचून घेतला. मग एक डोळा झाकून दुसऱ्यासमोर, अगदी जवळ, छोटी बॅटरी धरली आणि दहा सेकंद थेट उजेडाकडे पाहायला सांगितले. बॅटरी बंद करताच घड्याळ लावले. आधी वाचलेल्या सर्वांत बारीक ओळीच्या वरची ओळ पुन्हा कधी वाचता येते, एवढेच पाहायचे होते.

उजव्या डोळ्याने अब्बांनी अर्ध्या मिनिटात ओळ वाचली. डाव्या डोळ्याची पाळी आली. एक मिनिट झाले. अब्बा गप्प. दोन मिनिटे झाली, तेव्हा कुठे पहिले अक्षर आले. त्या दोन मिनिटांत आम्ही एकमेकांकडे पाहू शकलो नाही.

डॉक्टरांनी समजावले, डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. अक्षरे वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही त्याची कामे. प्रखर उजेडाने तिथल्या पेशींतले रंगद्रव्य फिके पडते आणि ते पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. निरोगी डोळा साधारण मिनिटाच्या आत सावरतो. पीतबिंदू आजारी असेल तर उशीर होतो. दोष डोळ्याच्या नसेत असेल तर सहसा असा उशीर होत नाही. म्हणून ही साधी चाचणी आजार कुठे शोधायचा ते सुचवते. पक्के निदान मात्र पडद्याच्या स्कॅनवरच होते.

स्कॅनमध्ये डाव्या पीतबिंदूवर सूज निघाली. कारण, वर्षानुवर्षांची साखर. इंजेक्शने सुरू झाली, साखर काबूत आली. आता त्या डोळ्याला सव्वा मिनिट लागते. पूर्वीसारखे झाले नाही, पण अब्बा पुन्हा इशाला जातात. सोबत आमच्यापैकी कुणीतरी असते.

घरात कुणाला साखर असेल तर नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. बॅटरीचा प्रयोग घरी करू नका. आणि वडीलधारे डोळ्यांबद्दल काही सांगतील, तेव्हा त्यांचेच शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगा. अब्बांनी आजार आम्हाला अचूक सांगितला होता. आम्ही तो ऐकला नाही.