हरा रे, पण साडेतीनच्या आत!

टीम हरते आणि तिच्यावर पैज लावलेला माणूस जिंकतो! ही चैन जगात होती आणि मला कोणी बोललं नाही! क्रिकेट आणि कबड्डीवर पोसलेला मी शहाडचा माणूस. बास्केटबॉल म्हणजे उंच लोकांची पळापळ, एवढंच माझं ज्ञान. भाच्याने एका रविवारी लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हणाला, "मामा, कोण जिंकणार ते विचारूच नकोस. किती गुणांनी, ते विचार."

प्रकार असा. तगड्या टीमसमोर दुबळी टीम असली, की तिला सामन्याआधीच काही गुण कागदावर बहाल होतात. समजा साडेतीन. ती तीनने हरली तरी पैजेत जिंकली, चारने हरली की मेली. कॅरमच्या पट्टीच्या खेळाडूकडून नवख्याने आधीच पाच पॉइंट मागून घ्यावेत, तसंच. पण तो वरचा अर्धा बघा! बास्केटबॉलमध्ये अर्धा गुण कोणाच्या बापाला करता येत नाही. तो फक्त बरोबरीचा घोळ नको म्हणून ठेवलेला, आणि सगळा जीव टांगणीला लावतो तोच. 1940 च्या दशकात शिकागोच्या चार्ल्स मॅकनील नावाच्या गणिताच्या मास्तरांनी ही पद्धत रुजवली असं मानतात. गणिताच्या मास्तरांकडून मला मिळालेला हा पहिला आनंद!

भाच्याने सामना लावला तो जुना, 4 ऑक्टोबर 2019 चा. मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये! अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचा भारतातला पहिलाच सामना: सॅक्रमेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, जुहूत वाढलेले. म्हणजे घरची टीम कोणती हे ठरवायला मला पंचांची गरज नव्हती. आणि घरची टीम दुबळीही होती. 2006 नंतर प्लेऑफचं तोंड न पाहिलेली. "किंग्ज तुझे, वर अडीच गुण. मिसळची पैज." घेतली. चार क्वार्टर संपले, बरोबरी. जादा वेळ सुरू झाली आणि मी खुर्चीवरून उठून उभा! शेवटी पेसर्स 132, किंग्ज 131. किंग्ज हरले. आणि मी घरभर नाचतोय! भाच्याला निकाल आधीच पाठ होता, हे मागाहून कळलं. ती मिसळ त्याने मला मुद्दाम चारली, पोरगं हुशार आहे.

या रणदिव्यांची एक गोष्ट तर ऐकाच. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीत आपल्या बारा वर्षांच्या मुलीच्या टीमला शिकवायला घेतलं. स्वतः बास्केटबॉल कधी खेळले नव्हते. पोरींना ना उंची, ना नेमबाजी. त्यांनी एकच केलं: समोरच्यांना चेंडू आत टाकायला पाच सेकंद मिळतात, त्या पाच सेकंदांतच त्यांना कोंडायचं. सामनाभर, मैदानभर. त्या पोरी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत धडकल्या! माल्कम ग्लॅडवेलने 2009 मध्ये यावर 'न्यू यॉर्कर'मध्ये लेख लिहिला. पुढे 2013 मध्ये याच माणसाने, किंग्ज सिएटलला जायच्या बेतात असताना, भागीदार जमवून ती टीम विकत घेतली आणि गावातच ठेवली.

आणि गाव कसलं! लेकर्स टीमचे तेव्हाचे कोच फिल जॅक्सन यांनी सॅक्रमेंटोला गुराढोरांचं गाव म्हणून हिणवलं, तर तिथल्या लोकांनी गाईंच्या गळ्यातल्या घंटाच स्टेडियममध्ये आणल्या आणि लेकर्सच्या कानाशी बडवल्या. याला म्हणतात घरचं मैदान! पाहुणी टीम विमानातून उतरलेली, कधी लागोपाठ दोन रात्री दोन शहरांत खेळलेली, त्यात हा कल्लोळ. पंचही माणसंच, गर्दीच्या आवाजाने त्यांची शिट्टी यजमानांकडे झुकते, असं मोस्कोविट्झ आणि वर्थाइम यांनी 'स्कोरकास्टिंग' या पुस्तकात मांडलंय. घरचं मैदान साधारण दोन-तीन गुणांचं धरतात. एवढं धरूनही जिला वरून गुण द्यावे लागतात, ती टीम खरंच दुबळी. मला नेमकी तीच आवडते.

2023 चा एप्रिल तर मी आता यूट्यूबवर पुन्हा पुन्हा बघतोय. सोळा मोसमांचा दुष्काळ संपवून किंग्ज प्लेऑफमध्ये, समोर गतविजेते वॉरियर्स. किंग्ज क्रमवारीत वर, तरी मालिकेसाठी पैजवाल्यांची पसंती वॉरियर्सलाच. नाव मोठं ना! पण आकडा बघा: त्या मोसमात वॉरियर्स घरी 33 जिंकले, 8 हरले, आणि बाहेर? 11 जिंकले, 30 हरले! तोच संघ, तीच माणसं! पहिला सामना सॅक्रमेंटोत: किंग्ज 126, वॉरियर्स 123. किंग्जच्या डीॲरन फॉक्सने प्लेऑफच्या पदार्पणात 38 गुण ठोकले. जिंकल्यावर स्टेडियमच्या छतावरून आभाळात जांभळा झोत सोडतात, तो सुटला आणि इथे माझ्या अंगावर काटा. वरळीत पेसर्सकडून खेळलेला साबोनिस तोवर किंग्जचा खांब झाला होता, हे आणखी वर. सातवा, निर्णायक सामना मात्र वॉरियर्सच्या करीने एकट्याने 50 गुण करून नेला, 120-100. वीस गुणांपुढे साडेतीन काय आणि साडेसात काय.

आता पैशाचं बोलतो, कारण शहाडच्या माणसाने पैजेचं नाव काढलं की लोक आधी 'कल्याण'चा आकडा विचारतात. त्या मटक्याचा आमच्या कल्याणशी संबंध नाही; ते नाव कल्याणजी भगत यांचं. आपल्याकडे पैसे लावून अशी पैज खेळणं गुन्हा आहे. 1887 चा कायदा आहेच, आणि 2025 मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राची बंदी आली. अमेरिकेत जिथे चालतं, तिथेही साधारणपणे 100 जिंकायला 110 लावावे लागतात. म्हणजे शंभरातल्या बावन्न-त्रेपन्न पैजा बरोबर आल्या तर कुठे तोटा टळतो! बुकी उगाच हसत नाही. आमच्या मिसळीत ही कटकट नाही. हरणाऱ्याने बिल द्यायचं, जास्तीचा पाव ज्याचा त्याने.

थंडीत सॅक्रमेंटोतला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे सकाळी साडेआठला लागतो. म्हणजे नेमका लोकलमध्ये! एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल, कल्याणला मागून रेटा. परवा ग्रुपमधल्या एकाने डोकावून विचारलं, "किती?"

"आठने मागे."

"मग हसतोयस काय?"

"मला साडेनऊ मिळालेत!"

ठाकुर्ली येईपर्यंत त्याला सगळं समजावलं. डोंबिवलीला तो म्हणाला, "बरं, पुढच्या सामन्याला समोरची टीम माझी. पण साडेनऊ नाही देणार. साडेसात."

"बाहेर खेळतायत रे किंग्ज, साडेआठ तरी दे!"

ठाणं आलं तरी आठवर अडलं होतं. मी म्हटलं, आठ चालणार नाही, अर्धा पाहिजेच.