डोंगरात शिरलेलं वादळ

चक्रीवादळापासून सुरक्षित राहायचं तर ॲशव्हिलला जावं, असं अमेरिकेतली कितीतरी माणसं मानत होती. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला, ब्लू रिजच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर हे शहर आहे. हेलीन वादळ २६ सप्टेंबर २०२४च्या रात्री जमिनीवर आलं ते दूर दक्षिणेला, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते या डोंगरांत पोचलं आणि एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून जास्त माणसं दगावली.

मी तेव्हा मुलीकडे, राले शहरात होते. ओळखीच्या मराठी घरांनी मिळून त्या डोंगरांतल्या पूरग्रस्तांसाठी एक व्हॅन भरली. पाण्याच्या बाटल्या, डायपर, बाळाच्या दुधाची पावडर, टॉर्चच्या बॅटऱ्या आणि चेनसॉचं तेल. तिकडून आलेल्या यादीत तेल अगदी वर होतं. पाण्याच्याही आधी करवतीचं तेल कशाला, हे मला रस्त्यावर कळलं. झाडं इतकी आडवी झाली होती की ती कापल्याशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा पुढे सरकत नव्हती.

वाटेत मॅरियन गाव लागतं. त्याच्या उत्तरेला बॅक्स्टर कंपनीचा कारखाना आहे. तेव्हा अमेरिकेतल्या रुग्णालयांना लागणाऱ्या सलाइनपैकी सुमारे ६० टक्के सलाइन तिथे तयार होत होतं. कारखान्यात पाणी शिरलं आणि हजारो मैलांवरच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. एका दरीतला पूर साऱ्या देशाच्या दवाखान्यांत पोचला होता.

पुढे घाट चढून आम्ही स्वानानोआच्या खोऱ्यात उतरलो. वर डोंगरावर पानं लाल-पिवळी व्हायला लागली होती आणि खाली सगळं मातकट. नदीकाठच्या झाडांची साल सोलून निघालेली. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, फांद्यांत चादरी आणि पत्रे अडकलेले. पाणी कुठवर चढलं होतं ते त्यांच्यावरूनच कळत होतं. गाळ वाळून त्याची धूळ झाली होती आणि सगळे तोंडाला मास्क बांधून फिरत होते. २०२१च्या जुलैत पूर ओसरल्यावर मी चिपळूणला गेले होते. तिथला तो कुबट वास इथे पुन्हा नाकात भरला.

हे घडलं कसं, ते सह्याद्री पाहिलेल्या माणसाला चटकन समजेल. दमट वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि त्यांतली ओल पाऊस होऊन कोसळते. हेलीन यायच्या आधी दोन दिवस इथे पाऊस लागलेलाच होता, माती भिजून फुगली होती. त्यावर वादळानं समुद्राची सारी ओल आणून ओतली. ब्यूसिक नावाच्या ठिकाणी त्या तीनेक दिवसांत ३० इंचांहून जास्त पाऊस पडला. ॲशव्हिलजवळ फ्रेंच ब्रॉड नदीनं १९१६च्या महापुराची खूण मागे टाकली. अरुंद खोऱ्यांत पाण्याला पसरायला जागा नव्हती. ते उंच होत गेलं आणि दरडी घेऊन धावलं.

आमचा माल एका स्वयंसेवी अग्निशमन केंद्रात उतरवायचा होता. अमेरिकेच्या ग्रामीण भागात अशी केंद्रं बहुतेक गावकरीच चालवतात. कुणी सुतार, कुणी शिक्षिका. दारातल्या बाईंनी आमची खोकी पाहिली आणि त्या नम्रपणे म्हणाल्या, ‘‘मॅम, कपडे असतील तर ते परत न्या. कपडे ठेवायला आता जागा नाही. प्रोपेनच्या टाक्या आणि जाड मोजे मिळतील का?’’ मागे जुन्या कपड्यांचा डोंगर होता. असाच मी चिपळूणलाही पाहिला होता. देणाऱ्यानं विचारलं नाही, तर घेणाऱ्याच्या अंगावर ओझंच पडतं.

अंगणात खेचरं बांधलेली पाहून मी थबकले. पलीकडच्या वाड्यांकडे जाणारे खाजगी पूल वाहून गेले होते, गाडी जाणं अशक्य होतं. हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती, पण प्रत्येक घरापाशी उतरायला सपाट जागा कुठली? मग ज्यांच्याकडे खेचरं होती ते ती घेऊन आले. एकेक जनावर नव्वद किलोपर्यंत ओझं पाठीवर घेऊन चिखलातून चढत होतं. त्यात अन्न होतं, पाणी होतं, इन्सुलिनही होतं. जगातल्या सर्वात श्रीमंत देशात औषध घरपोच करायला चार पाय लागले, हे पाहताना माझे डोळे भरून आले. त्या माणसांबद्दल आणि त्या मुक्या जनावरांबद्दल मनात निखळ आदर होता.

शहरात वेगळीच लढाई चालू होती. मुख्य जलवाहिन्या उखडल्या होत्या, नळ कोरडे पडले होते. इमारतींत वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या वृद्धांकडे संडासात ओतायला पाणी नव्हतं. तरुण मुलं-मुली ओढ्याचं पाणी टाक्यांत भरून आणायची आणि बादल्या घेऊन जिने चढायची. ॲशव्हिलच्या नळाला पिण्याजोगं पाणी पुन्हा आलं ते १८ नोव्हेंबरला, म्हणजे ५३ दिवसांनी.

माझं सर्वात मोठं आश्चर्य मात्र त्या अग्निशमन केंद्रातल्या टेबलावर होतं. मोबाइल बंद, इंटरनेट बंद, नकाशे निरुपयोगी. आणि तिथे एक साधी वही उघडी होती. ओढ्याच्या वरच्या वळणावर ऑक्सिजनवर असलेले आजोबा. गिरणीमागे तान्हं बाळ. तिसऱ्या घरात मधुमेही बहिणी. ही माहिती गावकऱ्यांना तोंडपाठ होती, वहीत फक्त उतरवली होती. खोकी आमच्यासारख्या शेकडो गाड्यांतून आली, पण ती योग्य दारात गेली या वहीमुळे.

म्हणून कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या माझ्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे. २०२१ला महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली. तसे पाऊस पुन्हा येतील, आणि मदतीच्या गाड्याही येतील. कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला रोजचं औषध लागतं, रस्ता तुटला तर कुठली पायवाट उरते, हे प्रत्येक वाडीनं पावसाळ्याआधी कागदावर लिहून ठेवावं. त्याला निधी लागत नाही, शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसावं लागतं. ॲशव्हिलच्या डोंगरांत माणसं वाचली त्यात या ओळखीचा वाटा फार मोठा होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.