घूं घूं थांबली, पण तिसरी पिन कुठे गेली?

रायपूरच्या समता कॉलोनीत मे महिन्यातल्या दुपारी कूलरच्या घरघरीपुढे दुसरे काही ऐकू येत नाही. संध्याकाळी मात्र एखाद्या घरातला जुना ॲम्प्लिफायर सुरू होतो. १९६३ साली आकाशवाणीचे रायपूर केंद्र सुरू झाले, तेव्हापासून ज्यांचे कान रेडिओवर घडले त्या पिढीला भल्या मोठ्या स्पीकरांच्या जोडीवाचून गाणे ऐकल्यासारखे वाटत नाही. आजोबा खटका दाबतात आणि गाण्याच्या आधी येते ती घूं घूं! आजी स्वयंपाकघरातून म्हणतात, "अहो, द्या आता तो डबा भंगारात." नातू मात्र पक्कड घेऊन हजर असतो.

हीच पक्कड घात करते. कुणीतरी सांगितलेले असते की, प्लगची जाड तिसरी पिन काढली की घूं घूं जाते. आणि ती खरेच जाते! म्हणूनच हा उपाय इतका पसरला. पण ती पिन अर्थिंगची असते. आतली एखादी तार सुटून धातूच्या पेटीला लागली, तर वीज त्या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन कापली की पेटीत २३० व्होल्ट तसेच उभे राहतात, फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाची वाट पाहत. ज्या घरात कूलरच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात, त्या घराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग घूं घूं येते कुठून? बहुतेक वेळा पेटीच्या बाहेरून. आवाज पूर्ण कमी करून पाहावा. घूं घूं त्याबरोबर कमी झाली, तर ती मागे जोडलेल्या एखाद्या वायरीतून येत आहे. संच बंद करून सगळ्या वायरी काढाव्यात आणि एकेक परत लावत जावी. पुष्कळदा गुन्हेगार निघतो तो टीव्हीच्या केबलचा डबा. केबलचे आवरण बाहेर कुठेतरी जमिनीशी जोडलेले असते, तुमचा ॲम्प्लिफायर घरात. दोन्हींमध्ये किंचित प्रवाह फिरतो आणि तोच स्पीकरमध्ये गुणगुणतो. अशा वेळी टीव्ही, डबा आणि ॲम्प्लिफायर यांचे प्लग एकाच बोर्डावर घ्यावेत. तेवढ्याने भागले नाही तर केबलच्या वाटेत बसवायचा आयसोलेटर मिळतो. आवाज शून्यावर ठेवूनही घूं घूं तशीच राहिली, तर आतले मोठे कपॅसिटर वाळले असण्याची शक्यता जास्त. ते काम मेकॅनिकचे.

खरखरीचे दुखणे साधे. बटणात धूळ बसते, आणि रायपूरच्या धुळीबद्दल काय सांगावे! संच बंद ठेवून बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. नाहीच गेली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आहे. खोबरेल किंवा शिलाई मशिनचे तेल घालू नये. त्यावर पुढची धूळ आणखी घट्ट बसते.

एकच स्पीकर मुका झाला तर? संच बंद करून ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करावी. तोच स्पीकर मुका राहिला तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या वायरीत. दुसरा मुका झाला तर ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे. एवढे सांगितले तरी मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो. वायर लावताना लाल ठिकाणी लाल आणि काळ्या ठिकाणी काळी. एका बाजूला उलटी लागली तर गाण्यातला तबला पोकळ वाटतो. तांब्याचा एखादा धागा शेजारच्या टोकाला टेकला तर मात्र ॲम्प्लिफायरच जळू शकतो.

संच मुळीच सुरू होत नसेल, तर आधी त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा. दिवा लागला तर संचाचा प्लग काढून मागचा काचेचा फ्यूज पाहावा. उडाला असल्यास तितक्याच अँपिअरचा नवा घालावा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी नव्हे. नवाही लगेच उडाला तर तिथेच थांबावे. आणि प्लग काढला म्हणून झाकण उघडू नये, कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

संचावर गृहिणीने प्रेमाने विणून घातलेला रुमाल आणि त्यावरची फुलदाणी, दोन्ही उचलावीत. झाकणावरच्या फटी उष्णता बाहेर जाण्यासाठी असतात.

राहिली ती तिसरी पिन. कापलेला प्लग बदलून घ्यावा आणि वायरमनकडून सॉकेटला अर्थिंग खरोखर पोचते का, तेही तपासून घ्यावे. कित्येक घरांत तीन भोके असतात, तार दोनच भोकांना. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारा खटका बसवता आला तर उत्तमच. अंगणात अर्थिंगचा जुना मीठ-कोळशाचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही.