आधी मालकाला विचारा!

बंगळूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या आनेकलजवळ मुत्याल मडुवु, म्हणजे मोत्यांची दरी, हे सहलीचे रम्य ठिकाण आहे. धबधब्याकडे उतरताना कुणाच्या हाती साखळीतला कुत्रा दिसला, की मुले धावतातच. पण साखळीतल्या कुत्र्याला घाबरून पळता येत नाही. मग तो चावू शकतो. म्हणून दोन पावले दूर थांबून मालकाला विचारावे. कन्नडमध्ये एकच शब्द पुरतो : ‘मुट्टबहुदा?’ म्हणजे ‘हात लावू का?’ होकार मिळाला, तर कुत्र्याला आधी हुंगू द्यावे, मग छातीवर हात फिरवावा, डोक्यावर नको. नकार मिळाला, तर रुसू नये. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा.